चार मार्कांचे ठिपके

एकोणीस वर्षं मी पानांतल्या गाठी शिकवल्या आणि त्या काळात एकदाही पाहिल्या नाहीत. काही झाडांच्या पानांत जिवाणू वस्तीला असतात, पानावर काळपट ठिपका दिसतो ते त्यांचं घर, झाड त्यांना खाऊ घालतं, ते झाडाला नत्र देतात आणि दोघंही सुखानं राहतात, असा तो मजकूर होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला यावर चार मार्कांचा प्रश्न यायचा. आकृतीला एक, नावांना एक, फायद्याला दोन. मी फळ्यावर पान काढायचे आणि त्यात सात ठिपके द्यायचे. मुलंही सातच द्यायची. एका वर्षी घाईत माझ्याकडून नऊ पडले, तर त्या बॅचच्या सगळ्या पेपरांत नऊ आले. मीच तपासले आणि सगळ्यांना आकृतीचा एक मार्क दिला.

ती आकृती मी माझ्या सरांच्या वहीतून उतरवली होती. त्यांनी ती त्यांच्या सरांच्या वहीतून उतरवली होती. याच्या मागे कोणी जाऊ नये, असा आमच्या क्षेत्रात संकेत आहे. त्यात आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात लिहिण्याच्या कामासाठी नागपुरात आलेलं. दुसऱ्यानं सांगितलेलं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं, हा आमचा पिढीजात व्यवसाय. त्यामुळे वनस्पतिशास्त्र शिकवताना मला झाडाची गरज कधी भासली नाही.

आमच्या विभागात एक लॅब अटेंडंट होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. पारशिवनीकडच्या एका खेड्यातले. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, अंगानं काटक, बोलणं कमी. एका वर्षी त्यांची बायको धंतोलीच्या एका दवाखान्यात महिनाभर भरती होती. भाऊ सकाळी लॅब उघडायचे, दुपारी दवाखान्यात जायचे, शनिवारी गावी जाऊन कपडे आणि पीठ घेऊन सोमवारी परत यायचे. अशाच एका सोमवारी ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक रोप घेऊन आले आणि विभागाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ लावून टाकलं. टाकी भरून वाहायची, ते पाणी त्याला आपसूक मिळायचं. मी त्यांना बायकोची तब्येत विचारली. रोपाबद्दल काही विचारलं नाही.

रोप कंबरेएवढं झालं. मार्च संपता संपता त्याला पांढऱ्या फुलांचे गुच्छ यायचे आणि त्या बाजूची खिडकी उघडली की वर्गात गोड वास पसरायचा. तेव्हा मी त्याची दखल घेतली, म्हणजे पाटी लावली. पांढरी फुलं, नळीसारखी, गुच्छात, म्हणून इक्झोरा. लांबून पाहून ठरवलं. जवळ गेले असते तर फुलाच्या तोंडातून बाहेर आलेला लांबलचक दांडा दिसला असता, जो इक्झोराला एवढा नसतो. पण जवळ जायला टाकीभोवतीच्या चिखलातून जावं लागलं असतं आणि मी नव्या चपला घातल्या होत्या. भाऊंनी पाटी रोवताना एवढंच म्हटलं की आमच्याकडे याला पापट म्हणतात. मी म्हटलं, स्थानिक नावं वेगवेगळी असतातच.

मग एका वर्षी कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती यायची ठरली. ज्यांनी कॉलेजात नोकरी केली नाही त्यांना सांगायला हवं की अशा वेळी काय होतं. आधी भिंती रंगतात, मग फायली रंगतात. जे उपक्रम झाले नव्हते त्यांचे फोटो काढले जातात. आमच्या प्राचार्यांनी जानेवारीच्या मध्यावर सगळ्या परिसराची पायी पाहणी केली. ते वाणिज्य शाखेचे. स्वच्छता आणि शिस्त यांत फरक असतो हे त्यांना मान्य नव्हतं. टाकीमागे आल्यावर ते त्या झाडासमोर थांबले, एक पान बोटांनी उलटं केलं आणि मला बोलावलं.

पानावर काळपट हिरवे, किंचित उचललेले ठिपके होते. एकावर दहा, दुसऱ्यावर पंधरा. विखुरलेले, टाचणीच्या डोक्याएवढे. इतकी वर्षं मी ते झाड खिडकीतून पाहत होते आणि पान पहिल्यांदा हातात घेत होते. प्राचार्यांनी विचारलं, हे काय आहे. माझ्यासोबत दोन कनिष्ठ सहकारी उभे होते, त्यामुळे मला लगेच उत्तर देणं भाग होतं. मी म्हणाले, पानांवरचा ठिपक्यांचा रोग आहे, बहुधा जिवाणूजन्य.

माझ्या आयुष्यात वनस्पतिशास्त्रावर मी केलेलं हे सगळ्यात अचूक विधान. त्या ठिपक्यांत जिवाणूच होते. फक्त रोग नव्हता. त्या सकाळी दुसऱ्या तासाला मी हाच धडा, याच ठिपक्यांची आकृती काढून, पन्नास मुलांना शिकवून आले होते. हात धुतानाही माझ्या डोक्यात ते आलं नाही. माझ्या वहीतले ठिपके गोल होते, नीट अंतरावर होते आणि चार मार्कांचे होते. हे झाडावर होते.

प्राचार्यांना नुकताच धंतोलीतल्या एका डॉक्टरनं अँटिबायोटिकचा कोर्स दिला होता, म्हणून औषधोपचार या विषयावर त्यांचं मत पक्कं झालं होतं. जिवाणू असेल तर कोर्स पूर्ण करायचा, मध्येच सोडायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं. समिती येईपर्यंत एक डागाळलेलं पान दिसता कामा नये. मी वहीत लिहून घेतलं. ते आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे.

प्राचार्य गेल्यावर भाऊ टाकीजवळ आले. एरवी ते विचारल्याशिवाय बोलत नसत.

"मॅडम, याले रोग नाही," ते म्हणाले. "पापटाचं पान असंच असते. ठिपके नसन त थे पापटच नाही."

मी त्यांना समजावलं. अगदी प्रेमानं समजावलं, त्याची आता जास्त लाज वाटते. म्हटलं, भाऊ, गावाकडचा अनुभव वेगळा आणि शास्त्र वेगळं. सगळ्यांची पानं अशीच असतात म्हणजे सगळ्यांना रोग आहे. शिवाय हे पापट नाही, इक्झोरा आहे, पाटी पाहा. भाऊंनी पाटीकडे पाहिलं. ती त्यांनीच रोवली होती. मग ते फवारणीचा पंप आणायला गेले.

कृषी केंद्रातून जिवाणूनाशकाच्या पुड्या आल्या, त्यात मिसळायला तांब्याचं औषध आलं. आम्ही पाच-पाच दिवसांनी दोनदा फवारलं. ठिपके तसेच. मग विभागातल्या एकानं निंबोळीचं तेल सुचवलं, एकानं ताक सुचवलं, एका बाईंनी राख. आम्ही सगळं केलं, कारण वेळ थोडा होता आणि उपाय पुष्कळ होते. झाडाला त्या आठवड्यात जेवढं खायला-प्यायला मिळालं तेवढं लग्नातल्या पाहुण्यालाही मिळत नाही. ठिपके जिथल्या तिथे. शेवटी मी निर्णय घेतला की डागाळलेली पानं काढून टाकायची.

त्यासाठी मी दुसऱ्या वर्षाची मुलं नेली आणि त्याला प्रात्यक्षिक असं नाव दिलं. सूचना सोपी होती, ज्या पानावर डाग असेल ते खुडायचं. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की असं एकही पान नाही ज्यावर डाग नाही. एका मुलीनं विचारलंही, मॅडम, सगळीच काढायची का. मी मागे वळून पाहिलं. प्राचार्यांच्या खोलीची खिडकी तिथूनच दिसते. मी म्हटलं, सगळीच. शेंड्याला दोन-दोन इवली पानं तेवढी राहू दिली. जमिनीवर हिरवा ढीग झाला. भाऊ टाकीला टेकून उभे होते. कोणाला मदत करत नव्हते, कोणाला अडवतही नव्हते. मुलं गेल्यावर त्यांनी ढीग खराट्यानं झाडाच्या बुडाशी लोटला, वर माती टाकली आणि लॅब बंद करायला गेले.

या सगळ्यात एकच गोष्ट कोणाला माहीत नव्हती, म्हणजे पुस्तकाला माहीत होती, पण मी ते पान कधी उलटलं नव्हतं. हे जिवाणू पानांत बाहेरून येत नाहीत. ते शेंड्याच्या कळीतच असतात, तिथल्या चिकात. नवं पान उमलायच्या आधीच त्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात आणि मग तिथे गाठ तयार होते. म्हणजे मी सगळी घरं पाडली, पण सगळे घरमालक शेंड्यावर सुखरूप बसलेले होते. तीन आठवड्यांत झाड पुन्हा फुटलं. कोवळी, चकचकीत पानं आली आणि थोडी मोठी झाल्याबरोबर त्यांच्यावर एकेक करून ठिपके उमटले. समिती यायला दोन दिवस होते. प्राचार्यांनी मला कोर्स अर्धवट सोडला का, म्हणून विचारलं.

समितीत तिघं होते. दोघं फायली तपासण्यात तरबेज होते. तिसरे दक्षिणेकडचे एक वयस्कर गृहस्थ, निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांना आमचं सादरीकरण ऐकताना झोप येत होती आणि ती लपवण्याइतके ते तरुण नव्हते. नाश्त्याला सांबारवडी होती. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी बराच वेळ वाटीची वाट पाहिली, मग वडी तशीच खाल्ली आणि पाय मोकळे करतो म्हणून बाहेर पडले. ते कुठे गेले याचा पत्ता लागेपर्यंत दहा मिनिटं गेली. टाकीमागे, त्या झाडापुढे उकिडवे बसलेले सापडले. खिशातलं भिंग डोळ्याला लावलेलं, कोवळं पान उजेडापुढे धरलेलं. प्राचार्यांचा चेहरा पडला. मला तर पळून जावंसं वाटलं.

त्यांनी आधी पाटी वाचली. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत शांतपणे विचारलं, तुम्ही पानांतल्या गाठी शिकवता का. मी म्हटलं, हो सर, एकोणीस वर्षं. कशावर दाखवता, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आकृतीवर. त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं.

मी पान उजेडात पाहिलं आणि मला समजलं. अंगावर गार पाणी ओतल्यासारखं झालं. फेब्रुवारीतल्या नागपुरात तशी ही चैनच.

मग त्यांनी विचारलं, हे इथे कोणी लावलं. प्राचार्य तत्परतेनं म्हणाले, विभागानं. भाऊ पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन मागे उभे होते. त्या क्षणी मी बोट दाखवून सांगायला हवं होतं की यांनी लावलं, आणि याची ओळखही यांनीच सांगितली होती. मी गप्प राहिले. बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि तो तसाही आलाच. झाडाची पानं कुठे गेली, पाहुण्यांनी विचारलं. खालच्या सगळ्या फांद्या उघड्या कशा?

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"पानगळ है साहब," भाऊ मागून म्हणाले. "फागुन लगा ना. ये झाड हमारे उधर धुरे पे रहता. ऐसाच करता."

धुरा म्हणजे शेताचा बांध. पाहुण्यांना तो शब्द कळला की नाही माहीत नाही, पण बाकीचं सगळं कळलं असावं. पानगळीत झाड असं देठं मोडून पानं टाकत नाही आणि त्याच्या बुंध्याला तांब्याचा निळसर थर चढत नाही. त्यांनी एका मोडक्या देठावरून अंगठा फिरवला, तो थर पाहिला, मग भाऊंकडे आणि माझ्याकडे पाहिलं. नंतर भाऊंना विचारलं की हे झाड ओळखायचं कसं. भाऊंनी ट्रे खाली ठेवला, पान उजेडात धरून ठिपके दाखवले. ते म्हणाले, आई सांगायची, हेच पाहायचं, फुलं तर काय उन्हाळ्यापुरती येतात. पाहुण्यांनी मान हलवली आणि त्यांच्याशी हात मिळवला. त्या दिवशी त्यांनी प्राचार्यांशी हात मिळवल्याचं मला आठवत नाही.

अहवाल आला. आमच्या विभागानं सहजीवनाच्या अभ्यासासाठी जिवंत नमुना जोपासला आहे, असं त्यात कौतुक होतं. ते वाक्य प्राचार्यांनी फलकावर लावलं, पत्रिकेत छापलं, स्नेहसंमेलनात वाचून दाखवलं. दोन-तीन वेळा वाचल्यावर जिवंत नमुन्याचा दुर्मीळ नमुना झाला. पारशिवनीच्या रस्त्याला धुऱ्याधुऱ्यावर उभं असलेलं झाड आमच्या कॉलेजात येऊन दुर्मीळ झालं. मला या विषयावर तीन ठिकाणी व्याख्यानाला बोलावलं. मी गेले. शाल मिळाली. एका ठिकाणी तर माझ्या निरीक्षणशक्तीचा गौरव केला.

दुसरी शाल घेऊन आले त्या दुपारी मात्र मला खुर्चीत बसवेना. वर्ग सुटले होते. मी भाऊंच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, पापटाचं पान कापून पाहू या का. पहिल्यांदाच मी तो शब्द वापरला. भाऊंनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही. गाजराचा तुकडा घेतला, त्याला चीर देऊन त्यात पानाची पट्टी धरली आणि ब्लेडनं छेद घ्यायला लागले. मीही घेतले. माझे छेद गाजराच्या कोशिंबिरीत शोभले असते. त्यांचे इतके पातळ होते की पाण्यात टाकल्यावर दिसेनात. त्यातला एक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

पानाच्या आत एक पोकळी होती, तिच्यात सैल पेशींचं जाळं, आणि त्या जाळ्याच्या फटींत गर्दी. बारीक बारीक कांड्या, हजारोंनी, एकमेकांना खेटून. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. मान अवघडली. भाऊंना पाहायला सांगितलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"एवढे लोक राहून राहिले याच्यात," ते म्हणाले, "अन् आपण फवारून राहिलो होतो."

त्यांनी आपण म्हटलं. पंप त्यांच्या हातात होता, एवढंच खरं. तेव्हा तरी मी माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, काचपट्टी जपून ठेवा, प्रात्यक्षिकाला होईल.

त्यानंतर मी जरा वाचलं. तेव्हा कळलं की हे जिवाणू झाडाला नत्र देतात ही समजूत विद्वानांनी कधीच मोडीत काढली आहे. ते बहुधा काही विषारी द्रव्यं तयार करतात आणि झाडाचं किड्यांपासून रक्षण करतात, आणि ते बियांतून पुढच्या पिढीत जातात, आणि ते नसले तर रोप खुरटतं. म्हणजे एकोणीस वर्षं मी फायद्याचे जे दोन मार्क देत होते ते चुकीच्या उत्तराला देत होते. मी वर्गात दुरुस्ती सांगितली. मुलांनी हात वर केले. परीक्षेत काय लिहायचं, त्यांनी विचारलं. कारण तपासणाऱ्यांच्या नमुना उत्तरात नत्रच होतं. मी म्हटलं, परीक्षेत नत्र लिहा, बाकी आयुष्यात दुसरं. मुलांना ते लगेच पटलं. शिक्षणव्यवस्थेचं इतकं सोपं स्पष्टीकरण त्यांना आधी कोणी दिलं नव्हतं.

झाडाच्या दोन फांद्यांना नवी पानं आली ती आखडलेली, सुरकुतलेली. त्यांच्यावर एकही ठिपका नव्हता. प्राचार्यांना जशी हवी होती तशी, स्वच्छ. त्या फांद्या पुढे वाढल्याच नाहीत. औषधानं तिथले जिवाणू मेले असतील, नाहीतर तांब्यानं शेंडे भाजले असतील, मला सिद्ध करता येणार नाही. मी रोज जाऊन पाहायचे. चिखल वाळला होता, पण नसता तरी गेले असते.

आणि एप्रिलच्या मध्यावर प्राचार्यांना सुचलं की दुर्मीळ वनस्पती टाकीमागे शोभत नाही. ती दर्शनी भागात हवी. फाटकाजवळ सिमेंटचं गोल कुंड बांधलं, संगमरवरी पाटी आली. मी लेखी कळवलं की या महिन्यात हलवलं तर झाड मरेल. त्यावर शेरा आला की पुरेसं पाणी घालावं. भाऊंनी मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फुटू देता झाड काढलं, गोणपाटात बांधलं, ठेल्यावर ठेवून फाटकापर्यंत नेलं. कुंडात दिवसभर ऊन आणि खाली सिमेंट. भाऊंनी वर हिरवी जाळी बांधली तर ती काढायला लावली, कारण तिच्यामुळे पाटी झाकली जात होती. पंचेचाळीस अंशांत ते झाड दहा-बारा दिवस टिकलं. पाटी अजून आहे. कुंडात आता प्लॅस्टिकची फुलझाडं ठेवतात, ती सुरेख दिसतात आणि त्यांच्यावर कसलाही ठिपका नसतो.

भाऊ त्याच वर्षी जूनच्या अखेरीला निवृत्त झाले. निरोपसमारंभाला त्यांची बायको आली होती. बारीक, ताठ, नऊवारी नेसलेली. दवाखान्यातून बरी होऊन घरी गेली होती एवढंच मला माहीत होतं. भाषणं झाली, त्यात प्राचार्यांनी भाऊंच्या निष्ठेचा उल्लेख केला. चहाच्या वेळी मी तिच्याजवळ जाऊन नमस्कार केला. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का वं, झाड भादरणाऱ्या मॅडम?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"हे त घरी येऊन म्हणे, मॅडमची चूक नाही. मंग कोणाची वं, माकडाची?"

भाऊ तिला हळू आवाजात गप्प राहायला सांगत होते. ती काही राहिली नाही. तिनं सांगितलं की दवाखान्यात असताना तिला घरच्या वासाची आठवण यायची. खाटेवरून स्पिरिटशिवाय कसला वास नाही. म्हणून तिनंच भाऊंना सांगितलं होतं की धुऱ्यावरचं एक पापट आणून जवळ कुठेतरी लावा, फुललं की दोन गुच्छ आणून उशाशी ठेवता येतील. पण रोप फुलायच्या आधीच ती बरी झाली आणि झाड कॉलेजात राहून गेलं. हे सगळं ती रागात सांगत होती, तरी चहाचा कप तिनं माझ्या हातात नीट दिला. मी तिथेच, सगळ्यांसमोर, भाऊंची आणि तिची माफी मागितली. उशीर झाला होता आणि शब्दही धड आले नाहीत. भाऊ म्हणाले, जाऊ द्या मॅडम. ती म्हणाली, जाऊ काहून द्या, गावाले या आधी.

मी दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी गेले. प्रताप नगरातल्या माझ्या घरून निघून पारशिवनीपर्यंत बसनं, पुढे भाऊंच्या मोटरसायकलवर. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर पापटाची झुडपं रांगेनं उभी होती. मोजायच्या फंदात पडले नाही. काळी, चण्याएवढी फळं लागली होती. भाऊंच्या बायकोनं एक पान तोडून उजेडात धरलं आणि मला ठिपके दाखवले, पहिलीतल्या मुलाला दाखवावेत तसे. मी निमूट पाहिले. तिनं पिकलेली फळं बियांसाठी माझ्या रुमालात बांधून दिली.

जेवण झाल्यावर आम्ही अंगणात बसलो. अंगणात एक सीताफळाचं झाड होतं. त्याची पानं कडेनं तपकिरी होऊन गळत होती आणि फळं लहान असतानाच काळी पडत होती. भाऊंनी एक पान आणून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, मॅडम, हे काय असन?

माझ्या ओठांवर तीन रोगांची नावं आली, तिन्ही वहीतली. त्यातलं एखादं मी ठणकावून सांगितलं असतं आणि त्यांनी बहुधा ऐकूनही घेतलं असतं. मी पान उलटंपालटं केलं, उजेडात धरलं, वास घेतला.

"मले माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले. मी घरी कधी मले म्हणत नाही, ते कसं तोंडातून आलं कोण जाणे.

भाऊंची बायको हसली. पदर तोंडाला न लावता, मोकळी हसली, आणि आत जाऊन एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. मी त्यात चार पानं आणि एक काळं पडलेलं फळ घातलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नवीन अटेंडंटला गाजर आणायला पाठवलं आणि छेद स्वतःच घ्यायला बसले. ते जाडच आले.